खटला मास्तरचा की गावाचा? 'पिंजरा'च्या मागची कादंबरी आणि आमचे तीन रविवार

मागच्या उन्हाळ्यात मला एका बी.एड. कॉलेजातनं फोन आला, की मॅडम आमच्या मुलांसमोर तासभर बोलाल का, विषय 'गाजलेली कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा'. मी हो म्हणून टाकलं आणि मग बसले डोकं धरून. कारण या विषयावर बोलायला उभं राहिलं की सगळे एकच करतात, पुस्तकात हे होतं सिनेमात हे नाही, हे पात्र गाळलं, तो शेवट बदलला, आणि शेवटी 'पुस्तकच भारी' म्हणून खाली बसायचं. शिकणाऱ्या पोरांच्या हाताला यातनं काही लागत नाही. मला अशी एखादी केस पाहिजे होती जिथं गोष्ट इतकी बदललीय की ओळखू येऊ नये, आणि तरी विचारता यावं की मूळ कादंबरीला जे म्हणायचं होतं ते गेलं कुठं? संपलं, का दुसऱ्याच कुणाच्या तोंडात जाऊन बसलं?

म्हणून 'पिंजरा' घेतला.

आता 'पिंजरा' (१९७२) म्हणजे आपल्या कोल्हापूरकरांना घरचं कार्य. दिग्दर्शक व्ही. शांताराम इथले, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, १९२९ ला प्रभात निघाली ती पण इथंच, पुण्याला गेली ती १९३३ ला. कथा अनंत माने, संवाद पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, गाणी जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदम. आमच्याकडं कुठल्या लग्नाच्या वरातीत यातलं एखादं गाणं वाजलं नाही असं होत नाही. पण या सिनेमाच्या मागं १९३० चा एक जर्मन सिनेमा आहे आणि त्याच्याही मागं १९०५ ची एक जर्मन कादंबरी आहे हे सांगितलं की निम्म्या लोकांना खरंच वाटत नाही. कादंबरीचं नाव 'प्रोफेसर उनराट', लेखक हाइनरिश मान, म्हणजे थॉमस मानचा थोरला भाऊ. सिनेमाचं नाव 'द ब्लू एंजल', दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग.

राजारामपुरीत आमचा सहा जणांचा एक ग्रुप आहे, रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी हॉलमध्ये बसतो, कधी पुस्तक कधी सिनेमा. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणतो. बँकेतल्या एक वहिनी, एम.ए. करणारा एक पोरगा, लग्नाचे फोटो काढणारे एक दादा, शेजारच्या मावशी ज्यांची आजी तमाशाच्या फडात होती, आणि मी. कॉलेजात बोलायच्या आधी हे सगळं या पाच जणांसमोर करून बघायचं असं मी ठरवलं. तीन रविवार घेतले, पहिला पुस्तकाला, दुसरा जर्मन सिनेमाला, तिसरा 'पिंजरा'ला. आणि एक नियम केला. प्रत्येक वेळी गप्पा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर एकच ओळ लिहायची: ही गोष्ट कुणाची आहे? बास. कथानक नाही, संदेश नाही, आवडलं का नावडलं ते पण नाही. हे असं का, तर एकदा का बोलणं सुरू झालं की ज्याचा आवाज मोठा त्याचं मत सगळ्यांचं होतं, आणि आमच्यात सरांचा आवाज मोठा आहे.

पहिला रविवार

पुस्तक इंग्रजी भाषांतरातनं वाचायचं होतं, सगळ्यांचं पूर्ण झालं नव्हतं, म्हणून मी आणि एम.ए. वाल्या पोरानं मिळून गोष्ट सांगितली आणि मधली मधली पानं वाचून दाखवली.

मास्तरचं आडनाव राट. त्याला पुढं 'उन' लावलं की होतं उनराट, म्हणजे घाण, कचरा. पहिल्याच वाक्यात हे येतं, की नाव राट असल्यामुळं सगळी शाळा त्याला उनराट म्हणायची. आणि हा माणूस त्याच गावात इतकी वर्षं शिकवतोय की गावातली मोठी माणसं सुद्धा त्याचेच जुने विद्यार्थी आहेत. रस्त्यानं जाताना कुणीतरी पाठीमागनं हळूच ते नाव घेतं, हा गर्रकन वळतो, पण कुणी म्हटलं ते सिद्ध करता येत नाही. त्याच्या आयुष्यात तेवढं एकच काम उरलंय, कुणाला तरी रंगेहाथ पकडायचं. पोरांना नापास करून त्यांचं पुढचं आयुष्य बिघडवणं हा त्याचा आनंद आहे. कादंबरीचं उपशीर्षकच आहे 'एका जुलमी माणसाचा शेवट'.

हे वाचताना सर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी महाद्वार रोडनं चाललो तर दहा जण सर सर करत थांबतात, गाडीवरनं उतरून पाया पडतात. या माणसाला त्याच दहा जणांची भीती वाटतीय." मला वाटतं कादंबरीचा गाभा त्यांनी एका वाक्यात पकडला. या मास्तरला गाव म्हणजे एक कायमचा न सुटलेला वर्ग वाटतो, आणि त्या वर्गाला शिक्षा करायची राहून गेलीय.

पुढं तो लोमान नावाच्या एका विद्यार्थ्याच्या मागावर एका गुत्त्यात जातो, तिथं रोझा फ्रोलिश ही गाणारी-नाचणारी बाई भेटते, तिच्यात गुंततो, नोकरी जाते, लग्न करतो. इथपर्यंत तुम्हाला ओळखीचं वाटेल. पण कादंबरी इथं संपत नाही, खरी कादंबरी इथनं सुरू होते. नोकरी गेल्यावर राट कोसळत नाही, उलट त्याला हत्यार सापडतं. तो आणि रोझा घरात जुगाराचा अड्डा काढतात आणि गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी, व्यापारी, अधिकारी, आपापल्या पायानं तिथं येतात आणि बुडतात. म्हणजे मास्तर शेवटी अख्ख्या गावाला नापास करतो. आणि ज्या गावाच्या अब्रूचा एवढा गाजावाजा होता ती अब्रू किती पातळ होती ते लेखक दाखवतो. हाइनरिश मान ल्यूबेकचा, व्यापाऱ्यांचं जुनं शहर, कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातला तो शिस्तीचा, पदव्यांचा, वरनं खाली दाबण्याचा समाज त्यानं आतनं बघितला होता. शेवटी राट रोझाचा गळा दाबायला धावतो, लोमानचं पाकीट हिसकावतो, पकडला जातो आणि गाव हुर्यो करायला रस्त्यावर येतं.

चिठ्ठ्या उघडल्या तर बहुतेकांनी लिहिलेलं 'गावाची'. मावशींनी लिहिलेलं, 'त्या पोरांची ज्यांना नापास केलं.' ते मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

दुसरा रविवार

'द ब्लू एंजल' १ एप्रिल १९३० ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. मास्तर एमिल यानिंग्स, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पहिलं ऑस्कर मिळालेला नट, आणि नाचणारी लोला लोला म्हणजे मार्लेन डिट्रिच, जी या एका सिनेमानं जगभर पोचली. आमच्या दादांना प्रकाशाचंच जास्त, ते म्हणाले त्या गुत्त्यातल्या सगळ्या फ्रेममध्ये काहीतरी लोंबतंय, जाळी, दोर, पडदे, मास्तरला सरळ उभं राहायला जागाच नाही. बरोबर आहे ते.

पण बघा सिनेमानं काय केलं. जुगाराचा अड्डा, गावाचं बुडणं, म्हणजे कादंबरीचा पूर्ण दुसरा भाग काढून टाकला. त्याऐवजी काय, तर लग्नानंतर मास्तर त्या फिरत्या कंपनीबरोबर गावोगाव हिंडतो, बायकोचे फोटो असलेली पोस्टकार्डं विकतो, शेवटी विदूषक होतो. त्याच्याच गावात, त्याच्याच लोकांसमोर जादूगार त्याच्या डोक्यावर अंडी फोडतो आणि त्याला कोंबड्यासारखं आरवायला लावतात. लग्नाच्या जेवणात तो आनंदानं आरवलेला असतो, तेच आरवणं आता किंकाळीसारखं येतं. हा सीन संपल्यावर आमच्या हॉलमध्ये कुणी चहाच्या कपाला हात लावला नाही. मग रात्री तो कसाबसा शाळेत जातो आणि आपल्या टेबलाला मिठी मारून मरतो.

सिनेमा म्हणून हे फार मोठं काम आहे, त्यात वादच नाही. पण कादंबरीच्या आशयाचं म्हणाल तर आरोपी बदलला. कादंबरीत गाव आरोपी होतं, इथं गाव फक्त प्रेक्षक आहे, हसणारे चेहरे. मास्तर पण जुलमी राहिला नाही, थोडा कडक, एकटा, साधा माणूस झाला ज्याची कीव यावी. हे का झालं याची दोन कारणं मला पटतात. एक तर यानिंग्स. मोठा माणूस मान खाली घालतो, त्याचा रुबाब उतरतो, हे दाखवण्यात त्याचा हातखंडा होता, १९२४ च्या एका सिनेमात त्यानं हॉटेलच्या दरवानाची वर्दी जाते आणि वर्दीबरोबर माणूसच जातो असं काम केलेलं, लोकांना त्याच्याकडनं ते बघायचं होतं. दुसरं म्हणजे सिनेमा काढणारी उफा कंपनी १९२७ पासून आल्फ्रेड हुगेनबर्गच्या हातात होती, हा मोठा उद्योगपती आणि कट्टर राष्ट्रवादी पुढारी. प्रतिष्ठित जर्मन नागरिकांची सालटी काढणारा सिनेमा त्याच्या कंपनीतनं निघणं अवघडच होतं. तरी सुद्धा १९३३ नंतर नाझींनी या सिनेमावर बंदी घातली आणि हाइनरिश मानची पुस्तकं जाळली, हा भाग वेगळा.

शीर्षकं नुसती एकाखाली एक लिहून बघा. कादंबरीला मास्तरचं नाव. सिनेमाला गुत्त्याचं नाव. आणि मराठी सिनेमाला पिंजरा, म्हणजे माणूस पण नाही जागा पण नाही, अडकणं. मी कॉलेजात बोलले तेव्हा इथनंच सुरुवात केली आणि ते चांगलं लागू पडलं.

त्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच, 'मास्तरची'. फक्त वहिनींनी लिहिलेलं 'हिची कुणी लिहिलीच नाही'.

तिसरा रविवार, आणि भांडण

'पिंजरा' सगळ्यांनी आधी बघितलेला, मीच चार-पाच वेळा. पण पुस्तक आणि जर्मन सिनेमा डोक्यात ताजा असताना बघणं वेगळं असतं हे त्या दिवशी कळलं.

शांतारामांनी पहिला बदल केला तो मुळावरच. मास्तर जुलमी नाही, आदर्श आहे. पांढरे कपडे, गाव सुधारलेलं, शब्दाला वजन. १९७२ मध्ये मराठी माणसाला 'गुरुजी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येत होतं ते आठवा, शाळा काढणारा, दारू सोडवणारा, गावाला वळण लावणारा माणूस. श्रीराम लागूंनी तो इतक्या सरळपणानं केलाय की त्याची भीती वाटत नाही, दडपण येतं. हे गुरुजी तमाशाला गावात उभं राहू देत नाहीत, आणि तमाशातली नाचणारी चंद्रकला, म्हणजे संध्या, तिच्या कलेचा अपमान झाला म्हणून ठरवते, की याला आपल्या बोर्डावर उभा करीन.

इथं एम.ए. वाल्या पोरानं रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. म्हणाला, "मॅडम, सूड बघा ना कुठं गेला." आणि खरंच की. कादंबरीत सूड मास्तर घेतो, गावाचा. जर्मन सिनेमात सूड कुणीच घेत नाही, लोला जशी आहे तशी आहे. 'पिंजरा'त सूड परत आला, पण नाचणारीच्या हातात गेला. म्हणजे ज्याला गावानं नाव ठेवलं त्यानं गावाची अब्रू उतरवायची, हे कादंबरीतलं सूत्र शाबूत आहे, फक्त नावं ठेवलेला माणूस आता मास्तर नाही, तमासगीर बाई आहे. मावशी तेव्हा म्हणाल्या, "आमच्या आज्जीला गावात रात्री बोलवायचे आन् दिवसा वळखायचे न्हाईत. ती काय बोलली न्हाई कधी. ही बोलली म्हणून बरं वाटलं बघ." त्यांना पुढं चंद्रकला गुरुजींवर खरंच जीव लावते ते पटत नाही, त्यांच्या मते तिथं सिनेमानं तिला नमवलं. मला ते अर्धंच पटतं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मी वाद घातला नाही.

खरं भांडण पुढं झालं. ज्यांनी 'पिंजरा' बघितलाय त्यांना माहितीय, एक खून होतो, मेलेल्या माणसाच्या अंगावर गुरुजींचे कपडे चढवले जातात आणि गावाला वाटतं आपले गुरुजी गेले. गाव गुरुजींचा पुतळा उभा करतं. इकडं खरा गुरुजी हातात तुणतुणं घेऊन तमाशात उभा. आणि शेवटी त्याला पकडतात ते गुरुजींच्या खुनासाठी! तो स्वतःच्याच खुनाचा आरोप अंगावर घेतो, तोंड उघडत नाही, फाशी पत्करतो, कारण खरं सांगितलं तर गावासमोरचा आदर्श पडेल.

सर म्हणाले, हाच या सिनेमाचा मोठेपणा, माणूस घसरला पण त्यानं गावातल्या पोरांचा विश्वास घसरू दिला नाही, शिक्षकानं दुसरं काय करायचं असतं? एम.ए. वाला उसळला. त्याचं म्हणणं, गावाला माणूस नकोच होता, पुतळाच हवा होता, जिवंत गुरुजी समोर उभा असून एकानंही ओळखलं नाही, कारण ओळखणं परवडणारं नव्हतं. सर म्हणाले तू अजून वर्गात उभा राहिला नाहीस. तो म्हणाला राहिलो नाही म्हणूनच दिसतंय. वहिनींनी मध्ये पडून कांदाभजी आणली तरी दोघं थांबेनात, साडेनऊ वाजले.

त्या दिवशी नियम मोडला होता, चिठ्ठ्या भांडणानंतर लिहिल्या, तरी वाटण्या झाल्याच. तीन 'गावाची', दोन 'गुरुजींची', आणि मावशींची 'चंद्रकलेची'.

माझं स्वतःचं मत मी कॉलेजात पण असंच मांडलं, इथं पण मांडते. कथानकाच्या हिशोबानं जर्मन सिनेमा कादंबरीच्या जवळ आहे, तेच शहर, तोच गुत्ता, तीच पोरं, मास्तरचं तेच टोपणनाव. 'पिंजरा' कोसभर लांब. पण आशयाच्या हिशोबानं उलटं आहे. कादंबरीचा प्रश्न होता की ज्या समाजाला आपल्या सभ्यपणाचा एवढा अभिमान आहे तो सभ्यपणा किती खरा? जर्मन सिनेमानं तो प्रश्न सोडून दिला. 'पिंजरा'नं तो परत उचलला, अड्ड्याच्या जागी पुतळा ठेवून. राटच्या घरी गाव जुगार खेळायला येतं, इथं गाव दगडाला हार घालायला येतं, आणि दोन्हीकडं गावाला आपण काय करतोय ते कळत नाही. शांतारामांपर्यंत कादंबरी थेट पोचली होती का नुसता सिनेमाच, याच्याशी मला कर्तव्य नाही. गुत्त्यात जाणाऱ्या मास्तरची गोष्ट मनापासून मराठी गावात आणायची म्हटलं की गाव आपोआप आत येतं, कारण आपल्याकडं मास्तर गावाशिवाय असूच शकत नाही.

पण सरांचं पण एक खरं आहे आणि ते मला झाकायचं नाही. हाइनरिश मान कुणालाच सोडत नाही, मास्तरला पण नाही. 'पिंजरा' शेवटी आदर्शाच्या बाजूनं उभा राहतो, पुतळा पडू देत नाही. गावाचा ढोंगीपणा सिनेमात दिसतो, पण सिनेमा स्वतः तो बोलून दाखवत नाही, तो आपण वाचायचा. कादंबरीची जीभ जास्त तिखट आहे.

कॉलेजातला तास

साठ-सत्तर पोरं होती, पंखे फिरत होते पण उकाडा होताच. मी गोष्टी सांगण्यात वेळ घालवला नाही. तीन शीर्षकं फळ्यावर लिहिली, मग दोन तुकडे दाखवले, जर्मन मास्तर टेबल धरून मरतो तो आणि गुरुजींच्या पुतळ्याचा. आणि विचारलं, यातला आरोपी कोण? पहिली पाच मिनिटं सगळे 'ती बाई' म्हणाले. ठरलेलं उत्तर. मग मी फक्त गर्दीचे चेहरे परत दाखवले, हसणारे आणि हात जोडणारे. मागच्या बाकावरची गडहिंग्लजकडची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, दोन्ही गर्द्या सारख्याच दिसत्यात की." त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही, तास पोरांनीच चालवला.

चुकलं ते एकच, पण महत्त्वाचं. कादंबरीचं एकही पान मी त्यांच्या हातात देऊ शकले नाही, सगळी माझ्या तोंडूनच ऐकली त्यांनी. म्हणजे आशय कादंबरीचा आहे का माझा हे त्यांना तपासता आलं नाही, आणि तपासायला शिकवायलाच तर मी गेले होते. पुढच्या वेळी निदान पहिलं प्रकरण मराठीत करून न्यायचं असं ठरवलंय.

त्या कामाला सर आपणहून आले. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं बसतो, ते इंग्रजीवरनं तोंडी सांगतात मी लिहिते. पहिल्याच वाक्यात अडकलोय. राटचं उनराट मराठीत कसं आणायचं? मी म्हटलं केसरकर घेऊ, पोरं मधला 'स' खाऊन केरकर म्हणतील. सर म्हणाले, "नको, केसरकर आडनावाची चार पोरं शिकलीत माझ्याकडं, त्यातला एक रोज दूध टाकतो घरी." मग आणखी सात-आठ आडनावं झाली, प्रत्येकाला सरांचा कुणी ना कुणी विद्यार्थी निघालाच. ती ओळ अजून कोरी ठेवलीय, दुसऱ्या वाक्यापासून पुढं चाललोय.